एकमताचा आकडा

खोलीत खुर्च्या चार, इनक्युबेटर दोन, माणसं तीन. त्यातली दोन अकरा वर्षं एकमेकांशी बोललेली नव्हती: काकू आणि तात्या. तिसरी मी.

पाण्यातले जिवाणू काचेच्या प्लेटवर वाढले की ठिपक्यांसारखे दिसतात. ते आधी काकू मोजायच्या, मग तात्या. एकाचा आकडा दुसऱ्याला दिसायचा नाही. फार फरक पडला तर तिसरी मोजणी मी करायची. अबोल्यामुळे चोरून विचारायची सोयच नव्हती. आमच्या लॅबचे आकडे त्यावर उभे होते.

मग नवे साहेब आले. तीन दिवसांचं शिबिर करून आल्यामुळे त्यांना माणसं कळायची. त्यांनी चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. ‘तुम्ही पूल असता तर कसे असता?’ यापुढे काकूंनी लिहिलं, ‘दुरुस्तीसाठी बंद.’

“या टीममध्ये शंकेखोर तीन, जोडणारा एकही नाही,” साहेबांनी निदान केलं. “फार ताण आहे इथे.”

“ताण नाही साहेब, अबोला आहे,” तात्या म्हणाले. “ताण बोलणाऱ्यांना येतो.”

साहेब हसले. शिबिरात हसायलाही शिकवत असावेत. दुसऱ्या दिवशी दोघांना एका टेबलावर बसवलं आणि रजिस्टरमधले दोन रकाने खोडून एकच आखला: एकमताचा आकडा.

मी म्हटलं, “साहेब, आकडे वेगळे येतात म्हणून तर चूक कळते.”

“नवीन आहेस ना? नकारात्मक विचार लवकर चिकटतात,” ते म्हणाले. जिवाणूंच्या लॅबचे प्रमुख होते, चिकटण्याबद्दल त्यांना इतकंच ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा सीलबंद नमुना आला. त्याचा खरा आकडा फक्त पाठवणाऱ्यांना माहीत असतो. आपला आकडा दहा टक्क्यांहून जास्त चुकला तर लॅबची मान्यता रद्द, आणि आम्ही तिघं घरी.

एव्हाना काकू-तात्यांचं चांगलंच जुळलं होतं. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं.

“शंभरच्या पुढे गेले,” काकू प्लेटवर वाकून म्हणाल्या. “हं, मग सून काय म्हणाली?”

“म्हणते, तुम्ही घोरता. घोरतो मी? माझं मला ऐकू आलं नसतं?”

काकूंना हसू आवरेना. बोट प्लेटवर कुठे होतं ते त्यांनी पुन्हा शोधलं नाही. “माझे एकशे बेचाळीस. तुमचे?”

“तुमचे तेच माझे. तुम्ही काय खोटं मोजाल?”

मी प्लेट मागितली. साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. “दोघांत फरक शून्य. आता मोजायचं काय?” आणि प्लेट निर्जंतुक करून फेकून द्यायला लावली.

अठरा दिवसांनी निकालाचा कागद आला. खरा आकडा दोनशे बारा. आमचा एकशे बेचाळीस. चूक तेहतीस टक्के.