गळ्यातला निळा हार

दारात उभा असलेला पोरगा वैभवीने गेले काही महिने सुईदोऱ्याने फुली फुली करून भरला होता. तेच रुंद नाक, तीच डाव्या भुवईतली खाच. आणि तो चक्क घाम पुसत विचारत होता, “ताई, आयेनं पाठवलंय. माजा फोटो झाला का?”

वैभवीने दार अर्धं लोटून घेतलं. कारण आत टेबलावर, मॅटीच्या कापडावर जो विपुल होता, त्याच्या गळ्यात तिने चंदनाचा हार घातला होता.

आता ही बाई काही वेंधळी नव्हे. धुळ्याकडून लग्न होऊन बोईसरला आली, नवरा कैलास तारापूरच्या एका कारखान्यात, आणि हिच्या क्रॉस स्टिचच्या चौकटी पार माहीमपर्यंत लोकांच्या घरांत. कापडाची घरं मोजायची, एकेका घरात दोऱ्याची फुली मारायची, एक घर चुकलं की अख्खी ओळ उसवायची. असल्या किचकट कामात हिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त माणसाचा चेहरा तिने कधी केला नव्हता. डोंगरातल्या पाड्यावरून रानभाजी घेऊन दारावर येणाऱ्या जमुनामावशीने होळीनंतर एकदा टोपलीतून एवढासा फोटो काढला. “माज्या विपुलचा हाय. मोठा करून दे बाय, भिंतीवर लावायला,” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

झालं! वैभवीच्या माहेरी काय नि सासरी काय, भिंतीवर मोठ्या चौकटीत एकट्याने समोर बघत बसायचा मान फक्त गेलेल्या माणसाला. जिवंत माणसं मोबाईलमध्ये असतात. तिने काही विचारलंच नाही. रडणाऱ्या आईला ‘कसा गेला हो?’ हे कुठल्या तोंडाने विचारणार? तिने निळा शर्ट भरला, आणि मावशीला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या मनाने त्यावर हार घातला. अगदी जीव ओतून घातला, कपाळ तिचं!

“संध्याकाळी ये,” ती कशीबशी म्हणाली. “थोडं राहिलंय.”

“लवकर करा हां, ताई. आजच नाक्यावरून गाडी हाय. गुजरातला बोटीवर चाललोय, खलाशी म्हणून. आता एकदम उन्हाळ्यातच येणार.”

बोटीवर! दार लावून ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. वादळं, दर्यात बुडालेल्या बोटी, पलीकडच्या देशाने पकडून नेलेले खलाशी, बातम्यांत पाहिलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं. एका आईच्या धडधाकट पोराला आपण जिवंतपणी हार घातला. पाप लागायला आणखी काय करायचं असतं?

पहिली पाळी करून आलेल्या कैलासला तिने सगळं सांगितलं. “दोऱ्याने कोणी मरतं का? शिकलेली ना तू?” तो हसला. मग कापड बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. कामावर जाताना मागून हाक मारलेली यालाही चालत नाही, हा कसला मोठा शहाणा! “काढून टाक,” तो हळूच म्हणाला. “आणि कोणाला बोलू नकोस.”

वैभवीने गळ्यापाशी कात्रीचं टोक नेलं. एकेक पिवळी फुली कापून तिने हार उपसला आणि मोकळ्या घरांत शर्टाचा निळा दोरा भरत सुटली. जुनी लडी संपली होती, म्हणून बाजारातून नवी आणली. नंबर तोच, पण रंग किंचित गडद. उन्हं कलली तेव्हा काम संपलं, आणि तिने कापड लांब धरून बघितलं. पिवळ्या हाराच्या जागी आता निळा हार दिसत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. विपुल पाठीवर पिशवी घेऊन आला होता, आणि सोबत जमुनामावशी.

मावशीने कापड उजेडाकडे नेलं. चेहऱ्यावरून बोट फिरवलं, “माजाच पोर,” म्हणाली. मग बोट खाली उतरलं आणि गळ्यापाशी थांबलं.

“इथं हार व्हता?”

वैभवीला खोटं बोलता येईना. “मावशी, तुम्ही रडलात, मला वाटलं…” आणि तिला रडूच फुटलं. विपुल मात्र खो खो हसत सुटला. “आयला ताई, मला मारूनच टाकला की तुमी!”

“हसू नको!” जमुनामावशी एवढ्या जोरात ओरडली की तो गप्पच झाला. मग ती वैभवीकडे वळली. “तुजी चूक नाय, बाय. आमच्या पाड्यावरच्या जिवल्याचा पोर बोटीवर गेला, तो परत आलाच नाय. घरात तोंड बघायला एक फोटूबी नाय. माज्या मनात तेच आलं, म्हणून तुला करायला सांगितला.”

विपुल आईकडे बघत राहिला. “आये, मी परत येणार नाय असं वाटतं तुला?”

मावशीने त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा मुठीत धरला. खाली रस्त्यावर कुठलीतरी गाडी थांबली आणि तिघांनीही दाराकडे बघितलं. ती विपुलला न्यायला आलेली गाडी नव्हती.

“आमी हा नेत नाय,” मावशी शेवटी म्हणाली. “तुज्याकडंच ठेव. आणि पुरा ठेवू नको. थोडा उसव. पुरा करायला तरी तेला यावं लागंल.”

वैभवीने कात्री उचलली खरी, पण कुठून उसवायचं? डोळ्याला हात लावायची हिंमत होईना, ओठांना होईना, गळ्याकडे तर तिला बघवतही नव्हतं. समोर तो पोरगा उभा, आणि त्याच्याच तोंडावर कात्री फिरते आहे.

“केस उसवा ना, ताई,” विपुल म्हणाला. त्याचा आवाज आता पार लहान पोरासारखा झाला होता. “ते परत येतातच.”

तिने कपाळावरचे केस उसवायला घेतले. काळे तुकडे मांडीवर पडत होते आणि जमुनामावशी ते एकेक वेचून पदराच्या गाठीत बांधत होती. विपुल उभाच होता. जायची वेळ झाली होती, तरी त्याने पिशवी खाली ठेवली.

“सावकाश करा, ताई,” तो म्हणाला.