करड्यातली भेग

"मास्तर, तो लाल भाग जरा सगळ्यांना दाखवा," असं म्हणत साहेबांनी लेझरची कांडी त्यांच्या हातात दिली.

भिंतीवर जमिनीखालच्या थराचा नकाशा उमटला होता आणि टेबलाभोवती खोदाई विभागाची अकरा माणसं बसली होती. मास्तरांनी एकतीस वर्षं असले प्रसंग शिताफीने टाळले होते. कुणी रंगाचं नाव काढलं की शेजारी बसलेली त्यांची सहायिका हळूच पेन्सिलीने जागा दाखवायची. आज साहेबांनी तिला टेबलाच्या पार पलीकडे बसवलं होतं. मास्तरांनी देवावर भरवसा ठेवून ठिपका रोखला, आणि तो हिरव्यावर जाऊन बसला.

दोघं-तिघं हसले. साहेब नुसतं "बरं" म्हणाले.

त्यांना लाल आणि हिरवं सारखंच दिसे. नोकरीला लागताना डोळ्यांच्या तपासणीचं ते ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक त्यांनी आता हयात नसलेल्या एका मित्राच्या मदतीने पानवार पाठ केलं होतं. लबाडीच होती ती, आणि मास्तरही तिला दुसरं नाव देत नसत. पण याच उणिवेने त्यांना त्यांची विद्या दिली होती. माळरानावर ओळीओळींनी यंत्रं पुरायची, छोटे स्फोट करायचे, आणि खालून परतणाऱ्या प्रतिध्वनींचा संगणकात एक ठोकळा बनवायचा. मग साबणाच्या वडीसारखा तो हवा तिथे कापावा आणि जमिनीचं पोट पाहावं. बाकीचे तो रंगवून पाहत. मास्तर करड्या छटांत पाहत, त्यामुळे रंगाखाली दडलेली केसाएवढी भेगही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी दाखवलेल्या जागी खोदलेल्या गॅसच्या विहिरींवर आज दोन शहरांच्या चुली पेटत होत्या.

"साहेब, डाग कुठे आहे ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "वरच्या खडकाला फॉल्ट आहे. झाकणालाच भेग पडलीय. गॅस कधीच उडून गेला. चिमूटभर उरलाय, पण नकाशावर तोही भरल्या साठ्याएवढाच चमकतो. इथे खोदलंत तर पाणी लागेल. सहाशे मीटर पूर्वेला सरका."

"मला नाही दिसत फॉल्ट."

"करड्यात लावून बघा ना."

"मास्तर, रंगीत टीव्ही येऊन जमाना झाला."

आता सगळेच हसले. साहेब सहायिकेकडे वळले. "तू सांग. तुला दिसतोय?"

आठवड्यापूर्वीच मास्तरांनी तिला ती भेग दाखवली होती. तिने स्वतः पडद्यावर बोट फिरवून ती वरपासून खालपर्यंत शोधली होती, आणि मास्तर खूश होऊन "आता मी सुटलो" म्हणाले होते. आठ वर्षं शिकवलं होतं तिला. तिने भिंतीवरच्या रंगांकडे पाहिलं.

"यात तर नाही दिसत, सर."

शब्द न् शब्द खरा होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मास्तरांना त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. "खोदू दे की मेल्यांना," ती म्हणाली. "पडतील तोंडघशी."

"ते कसले पडतायत? पडायला मी आहे ना."

चार महिन्यांनी विहिरीला खारं पाणी लागलं. आठवडाभर कचेरीत कुणी मोठ्याने बोललं नाही. मग एका दुपारी सहायिका एक कागद घेऊन मास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. 'सर्वेक्षणाचा अर्थ लावणाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे सदर भेग वेळीच लक्षात आली नाही,' असं त्यावर लिहिलं होतं. खाली मास्तरांच्या सहीची जागा मोकळी होती.

"सही केलीत तर आत्ताच निवृत्ती देतील," ती म्हणाली. "नाहीतर भरतीच्या वेळची तपासणी उकरून काढणार आहेत."

"हे तू लिहिलंस?"

"मजकूर साहेबांचा. मी फक्त टाइप केलं."

"आणि ते ठिपक्यांच्या पुस्तकाचं?"

मास्तरांनी ती गोष्ट उभ्या जन्मात दोनच माणसांना सांगितली होती, आणि बायको काही साहेबांना ओळखत नव्हती.

"मीटिंगच्या आधीच विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "बदलीची धमकी दिली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मास्तर. मी काय करणार होते?"

मास्तरांना तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण पुस्तक पाठ करायला त्यांना कुणी धमकावलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"भेगेची खोली चुकलीय. अठराशे साठ नाही, अठराशे बारा. खोटं लिहायचं तर आकडे तरी नीट लिहावेत."

भेग आपल्याला दिसलीच नाही असं सांगणाऱ्या कागदावर तिची खोली त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आणि खाली सही ठोकली. ती रडू लागली. एरवी त्यांनी तिला बसायला सांगितलं असतं. आज सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली जमा करून मास्तर निघाले. त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यांच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून ती बसली होती. समोर नव्या सर्वेक्षणाचा ठोकळा होता, करडा. एका बारीक भेगेवरून तिचं बोट हळूहळू खाली सरकत होतं, मास्तरांनी शिकवलं होतं अगदी तसंच, घाई न करता. एवढं सगळं होऊनही मास्तरांचा ऊर भरून आला. ते दारातच उभे राहिले.

तेवढ्यात जिन्यावर साहेबांचा आवाज आला. तिने झटकन एक बटण दाबलं.

पडद्यावर कुठे लाल आलं, कुठे हिरवं, ते मास्तरांना कळणं शक्य नव्हतं. भेग तेवढी दिसेनाशी झाली.