कमळाच्या देठावरचा खंड्या

"आजी, काचेला नाक लावू नका," पहारेकरी पुन्हा म्हणाला.

"नाक कुठं लावतेय, डोळे लावतेय," आई म्हणाली आणि तसूभरही हलली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चीनमधल्या आमच्या सूचौ शहराच्या संग्रहालयात ही गर्दी. काचेमागचं ते जुनं चित्र त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरणार होतं. मग काही वर्षं कागदाला विश्रांती, गुंडाळून पेटीत. आईच्या डोळ्यांना मात्र डॉक्टरांनी वसंतापर्यंतचीच मुदत दिली होती. जन्मभर रेशमाच्या गिरणीत तंतू जोडले तिने. तरुणपणी गिरणीच्या कॅलेंडरवर हे चित्र पाहिलं होतं, खरं बघायचं राहून गेलं होतं.

चित्रात काय, तर वाळत चाललेलं कमळ, त्याचा लांब देठ आणि देठावर खंड्या. सगळं काळ्या शाईत. पक्ष्याची छाती म्हणजे नुसता कोरा कागद.

"फोटो काढते ना. घरी मोठा करून दाखवीन."

"आणि बघायला डोळे तुझ्या सासूचे आणू?"

मागचे लोक कुरकुरायला लागले. आईचं बोट हवेत फिरत होतं. एका बाईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"आई, काय चाललंय तुझं?"

"पाठ करतेय. आधी चोच, मग डोळा. छाती काढायचीच नाही, सोडून द्यायची. शेपूट एका फटक्यात." तिनं बोट खालून वर नेलं. "आणि हा देठ बघ. अर्ध्यावर कुंचल्यातली शाई संपलीय. पुन्हा बुडवला नाही त्या चित्रकार बाबानं. तसाच वर गेलाय."

मी तेव्हा कुठं नीट पाहिलं. देठ वर वर खरखरीत, फिका होत गेला होता, पण थांबला नव्हता. मी मागे वळून लोकांना म्हटलं, "थांबा जरा. तिचं अजून व्हायचंय."

दिवे मालवेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

वसंत आला आणि डॉक्टरांचं खरं ठरलं. काल सकाळी मी पेज घेऊन गेले तर आई टेबलाशी बसलेली. चहात बोट बुडवून तिनं लाकडावर चोच काढली, डोळा दिला. छाती सोडली. शेपूट ओढलं. मग देठ घेतला आणि अर्ध्यावरच बोट कोरडं पडलं. मी चहाचा पेला तिच्या हाताशी सरकवला.

"नको," ती म्हणाली, आणि कोरडं बोट तसंच टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेलं.