सरकारजमा

"मावशी, अपील सरकारचं आहे. तुम्ही म्हणता म्हणून ते मागे घेता येत नाही," सरकारी वकील म्हणाले.

"पर सायेब, करा म्हून मीच सांगितलं हुतं की!" रतनबाईने पदर मुठीत घट्ट धरला.

खरंच होतं ते. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तिचे दोन्ही लेक भांडले आणि धाकट्या गोरक्षने उगारलेला खोऱ्याचा दांडा थोरल्या अजिनाथच्या डोक्यात बसला. थोरला जागीच गेला. जिवे मारायचा हेतू नव्हता म्हणून नेवाशाच्या कोर्टाने गोरक्षला तीन वर्षं दिली, तेव्हा हीच माउली कोर्टाच्या पायऱ्यांवर कडाडली होती, "गेलेल्या जिवाची किंमत एवढीच व्हय? वाढवा त्याची शिक्षा!" सरकार एरवी कुणाचं ऐकतं? पण हिचं मेलीचं नेमकं ऐकलं.

अपील संभाजीनगरच्या खंडपीठात पडून राहिलं. इकडे शिक्षा भोगून गोरक्ष सोनईला परतला. रतनबाई त्याला भाकरी वाढायची ती तोंड फिरवून. मग अजिनाथच्या पोरीला ताप भरला, तिला पाठुंगळीला घेऊन हा दवाखान्यात पळाला, आणि त्या दिवशी आईने त्याच्या भाकरीवर दूध ओतलं. राग कधी विरला, तिचं तिलाही कळलं नाही. आणि आता कुठे नोटीस आली होती: शिक्षा का वाढवू नये, ते सांगा.

"माजी काय बी तक्रार न्हाई, असं लिवून देते," ती म्हणाली.

"ते कोर्टापुढे ठेवीन मी. पण तुमचा राग तेव्हाच सरकारजमा झाला, मावशी. आता तो तुमच्या हातात नाही."

कोर्टाने तिचं म्हणणं वाचलं, पण धरलं नाही. गेलेल्या जिवापुढे तीन वर्षं फारच थोडी, असं निकालात आलं. बाईचेच शब्द बाईवर उलटले. शिक्षा सातवर गेली. भोगलेली वजा जाता चार वर्षं उरली.

गोरक्ष नेवाशाच्या कोर्टात हजर व्हायला निघाला, तेव्हा तीही एसटीत चढली.

"आय, तू कशाला येतीस?"

ती खिडकीशी जाऊन बसली. सगळ्या वाटेत तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

कोर्टाच्या दाराशी शिपायाने तिला अडवलं. "आजी, तुमी कुनाकडच्या? आरोपीकडच्या का मयताकडच्या?"

"दोघांची आय हाय मी, बाबा."

शिपाई घुटमळला. त्याने तिला आत सोडलं नाही आणि बाहेरही घालवलं नाही. गोरक्षला आत नेलं, तरी ती उंबऱ्यातच उभी होती.