आलादिनोची विनवणी

निबाल्दोनं ओल्या वाळूत कोपरापर्यंत हात घातला आणि शिंपला ओढून वर काढला. तेवढ्यात शिंपल्यानं त्याच्या तोंडावर पाण्याची चिळकांडी उडवली. बाकीची चारही पोरं पोट धरून हसायला लागली.

"हसू नका," एल्बाबाई स्वतःचं हसू दाबत म्हणाल्या. "तो का थुंकला ते सांगा आधी."

"त्याला निबाल्दोचं तोंड आवडलं नाही, बाई," येसेनिया म्हणाली.

ओहोटी मोठी असली की शाळा किनाऱ्यावर भरायची. एरवी ती रानात, बटाट्याच्या शेतात, नाहीतर होड्या डागडुजीला ओढून ठेवतात तिथं भरायची. पाच पोरांना चार भिंतींत कोंडायचं तर बेटावर राहायचं कशाला, असं बाईंचं म्हणणं होतं. शिक्षणखात्याचा साहेब मात्र वर्षातून एकदा मोठ्या बेटावरून यायचा, पाच डोकी मोजायचा आणि जाताना एक पाय होडीत ठेवून सांगायचा, की यातलं एक जरी कमी झालं तर शाळेला कुलूप. बाईंनी हे पोरांना कधी कळू दिलं नव्हतं. पोरांच्या आईबापांना सगळं ठाऊक होतं, पण तो विषय कुणी काढत नसे.

येसेनियाचा बाप आलादिनो किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत आला, थोडा लांबच थांबला आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली. बाई काय ते समजल्या. बेटावर असं टोपी काढून उभं राहण्याचा एकच अर्थ होतो: माणूस मिंग्याची विनवणी घेऊन आलाय. एकट्याच्यानं न होणारं काम निघालं की गावाला विनवायचं आणि गावानं यायचं. मजुरी नाही, नुसतं पोटभर जेवण. विनवणीला कुणी नाही म्हणत नाही, आणि काम कसलं हे आधी विचारणं तर अगदीच हलकेपणाचं.

"बाई, विनवणी आहे."

"आम्ही येणार," बाई म्हणाल्या. "सगळेच. पोरांनाही आणते, त्यांचं शिक्षण होईल."

पोरांनी उड्याच मारल्या. बाईंनी हात झटकून वाळू पाडली. "यंदा बटाटे उशिरा काढताय, आलादिनो."

आलादिनोनं टोपी हातात दोनदा फिरवली.

"बटाटे नाहीत, बाई. घर न्यायचंय. मोठ्या बेटावर."

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण येसेनिया आणि तिचा भाऊ एलिसेओ दोघंही एकदम पायाची बोटं बघायला लागले होते. त्या दोघांना हे घरातून ठाऊक होतं आणि गप्प बसायला सांगितलं होतं. पाचातून दोन गेली की तीन राहतात. हे गणित बाईंनीच त्यांना याच वाळूत शिंपले मांडून शिकवलं होतं.

"घर समुद्रातून जाणार?" निबाल्दोनं डोळे विस्फारून विचारलं. "पोहत?"

"पोहत कसलं, तरंगत," एलिसेओ ऐटीत म्हणाला.

बाईंच्या तोंडातून होकार गेला तो गेला. बाईंनी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर पोरांचं शिक्षण होईल असंही म्हणून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या आलादिनोच्या घरी गेल्या. त्याची बायको उबेर्लिंदा शिडीवर चढून खिडकीच्या काचा काढत होती, कारण ओढाओढीत काचा टिकत नाहीत.

"बसा, बाई. बसायला काही ठेवलेलं नाही, पण बसा."

बाई लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. शाळेचं काय होईल, उरलेल्या पोरांतल्या मिरेया आणि डागोबेर्तोच्या आईनं त्यांना रोज होडीनं मोठ्या बेटावरच्या शाळेत कसं पाठवायचं, हिवाळ्यात खाडी कशी खवळते. 

पण बाईंनी तोंड उघडायच्या आत उबेर्लिंदानंच सुरुवात केली. "मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात ते. रागावू नका. मोठ्या बेटावरच्या मासळीच्या कारखान्यातून मी आठवड्याला एकदा घरी येते. गेल्या खेपेला येसेनियाची वेणी घालायला गेले, तर म्हणाली, राहू दे, बाई घालून देतात."

तिनं काच खाली दिली. बाईंनी ती धरली.

"तुम्ही चांगलंच करता, बाई. पण आई मी आहे ना?"

 बाईंनी आणखी दोन काचा खाली घेतल्या, भिंतीशी टेकवून ठेवल्या आणि घरी आल्या. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घर वाशांसकट, पोरांसकट फिरायला निघालं होतं, आणि दोष द्यायला एक माणूस सापडत नव्हता.

मिंग्याच्या दिवशी सगळं बेट लोटलं. घराखाली ओंडके सरकवले होते, पुढे बैलांच्या जोड्या आणि जाड दोर. बाईंनी पोरांना कागद-पेन्सिली देऊन कुंपणापाशी बसवलं होतं. बघा आणि चित्र काढा, एवढाच धडा त्यांनी ठरवला होता. पण मिंग्यात बघे नसतात.

"काय हो बाई," मिंग्याचा पुढारी बेलार्मिनोतात्या लांबूनच ओरडला, "हात काय फक्त कान पिळायला दिलेत देवानं? या की दोराला!"

लोक हसले. पोरं कागद टाकून पळाली. मग बाईही गेल्या.

तात्या आरोळी देई, बैल माना खाली घालत, माणसं मागे रेलत आणि घर करकरत पुढे सरके. बिनकाचांच्या खिडक्यांतून आतला रिकामा स्वयंपाकघराचा कोपरा दिसत होता. घर उतारावरून आलं, सफरचंदांच्या झाडांना चाटून गेलं, आणि किनाऱ्याच्या अलीकडच्या दलदलीत पुढचा ओंडका रुतला.

एकदा ओढलं, दोनदा ओढलं. घर ढिम्म. भरती चढत होती आणि घर ओढून न्यायला होड्या येऊन थांबल्या होत्या. तात्याचा घसा बसला. तो आरोळी देई आणि नुसती हवा बाहेर पडे. बैलांच्या तोंडाला फेस आला. कुणीतरी म्हणालं, आज जमत नाही, पुढच्या मोठ्या भरतीला बघू. दुसरं कुणी म्हणालं, पुढच्या भरतीपर्यंत पावसाळी वारं सुरू होईल, मग एकदम पुढच्या उन्हाळ्यातच.

बाईंच्या हातातला दोर सैल झाला. इतक्या हातांत त्यांचे दोन कुणाला कळणार होते? घर इथेच रुतून बसावं, सगळा हिवाळा इथेच बसावं, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही.

"बाई!" पुढून निबाल्दोनं मान वळवली. "तुम्ही ओरडा ना! होडी ओढताना ओरडता तसं!"

"हो ना बाई, नाहीतर आमचं एकदम होत नाही," मिरेया म्हणाली.

सगळी माणसं बाईंकडे बघायला लागली. तात्यानं बोलता येत नव्हतं म्हणून नुसता हात केला, की बघा बुवा, करून बघा. दोराच्या अगदी पुढच्या टोकाला येसेनिया होती. तिचे पाय चिखलात रुतले होते, तोंड लालबुंद झालं होतं, आणि ती आपलं घर अशी ओढत होती की जणू ते तिला एकटीलाच न्यायचं होतं. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती फक्त आरोळीची वाट बघत होती.

बाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"धरा!" त्या ओरडल्या. "टाच रोवा! आता... एकदम!"

चिखलानं मोठा आवाज करून ओंडका सोडला आणि घर निघालं. ते इतकं झपकन निघालं की चारदोन माणसं पालथी पडली. बाई पडल्या नाहीत. घर वाळूवर पोचेपर्यंत त्या आरोळ्या देत राहिल्या.

संध्याकाळी आलादिनोनं सगळ्यांना डुकराचं मांस, शिंपले आणि बटाटे वाढले. सफरचंदाची दारू फिरली. लोक म्हणाले, आज बाई नसत्या तर जमलं नसतं. बाईंनी मान डोलावली आणि ताटातलं सगळं संपवलं, कारण मिंग्याचं जेवण टाकत नाहीत. घर होड्यांच्या मागे हळूहळू डुलत खाडी पार करत होतं. मागच्या होडीतून येसेनिया आईच्या मांडीवर बसून दोन्ही हात हलवत होती.

सोमवारी तीन पोरं आली.

"आज कुठं जायचं, बाई?" डागोबेर्तोनं विचारलं.

बाईंनी काहीच ठरवलं नव्हतं. पोरांचे पाय आपोआप आलादिनोच्या जागेकडे वळले. गवतात एक मोठा चौकोन उरला होता, फिकट मातीचा, गांडुळांचा. एक चमचा सापडला. मग दोर लावून मोजमाप झालं, कारण बाईंच्या सहलीत मोजल्याशिवाय काही सुटत नसे. मिरेयानं लांबी-रुंदी पाठ करून ठेवली.

परत येताना निबाल्दो सगळ्यांच्या पुढे चालत होता. शाळेच्या पायरीशी तो थांबला.

"बाई, आपली शाळा ओढायला बैल किती लागतील?"

"शाळा कशाला ओढायची रे?" मिरेया म्हणाली.

"मग? आपण तीनच उरलो. शाळेला आता दुसरी पोरं आहेत तिकडे न्यायला नको?"

बाईंनी इतक्या वर्षांत एकाही पोराला सरळ उत्तर दिलं नव्हतं. उत्तर शोधायला लावायचं, हीच त्यांची शिकवण्याची रीत. सवयीनं शब्द निघून गेला.

"मोजून बघा."

पोरं आनंदानं धावली. निबाल्दोनं दोराचं एक टोक बाईंच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो भिंतीच्या कडेनं पळत सुटला, कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. दोर बाईंच्या मुठीतून सरसर सरकत राहिला.

"दोर पुरेल का गं?" त्यांनी मिरेयाला विचारलं.

मिरेयानं भिंतीकडे बघून अंदाज घेतला.

"आरामात, बाई. आपली शाळा त्यांच्या घरापेक्षा लहान आहे."