घड्याळाला लावलेला हात

गिझलानने लॅपटॉप एक्स-रे विभागातल्या एक्स-रेचे फोटो साठवणाऱ्या पेटीला जोडला आणि नवा ड्रायव्हर, म्हणजे पेटी चालवणारा प्रोग्रॅम, चढवला. पेटीतल्या डिस्कला फोटो मागायचा आणि उत्तराची वाट पाहायची, एवढंच ड्रायव्हरचं काम. पण किती वेळ झाला हे जुना ड्रायव्हर पेटीच्या घड्याळाला विचारायचा. घड्याळ मागे नेलं की तोही तासभर ताटकळत बसायचा. नवा मात्र पेटी सुरू झाल्यापासून गेलेला वेळ मोजणार होता. तो कुणाला मागे नेता येत नाही.

गेल्या वर्षी सेत्तात शहरातल्या या दवाखान्यात नेमकं हेच झालं. रमजानसाठी देशभरची घड्याळं तासभर मागे गेली, यंत्रं सांभाळणाऱ्या बूअझ्झाने पेटीचंही मागे केलं, आणि फोटो उघडेनात. मदतीसाठी आलेल्या फोनचा स्पीकर दवाखान्यात चालू आहे हे ठाऊक असूनही गिझलानने त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावता?" ड्रायव्हर तिनेच लिहिलेला होता. गेल्या आठवड्यात आपल्याच ओळी वाचताना चूक दिसली, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता रमजान पुन्हा तोंडावर आला होता.

"सी बूअझ्झा," गिझलान अदबीने म्हणाली, "मी फोटो उघडते. तेवढ्यात तुम्ही घड्याळ तासभर मागे घ्या."

बूअझ्झाने हात पाठीमागे बांधले. पूर्वी तो तिला पोरी म्हणायचा.

"तुम्हीच घ्या, मॅडम."

"त्यांना कुठे सांगताय!" नर्स तुरिया हसली. "घरचं घड्याळसुद्धा आता बायको फिरवते त्यांची."

"तू तुझी जीभ घे जरा मागे," बूअझ्झा म्हणाला.

सगळे हसले. गिझलान खुर्चीवरून उठली.

"चूक तुमची नव्हती. तो ड्रायव्हर मीच लिहिला होता. चुकले मी, आणि ओरडले तुम्हाला."

बूअझ्झाने पाठीमागे बांधलेले हात सोडले.

"म्हणजे मी बरोबर केलं होतं?"

"अगदी बरोबर."

बूअझ्झा पुढे आला. बोटं कोटाला पुसून त्याने जपून बटणं दाबली. गिझलानने फोटो मागितला, घड्याळ तासभर मागे गेलं, आणि पडद्यावर कुणाच्या तरी बरगड्या लगेच उमटल्या.

"चाललं की!" तुरिया ओरडली.

बूअझ्झाने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो गिझलानच्या तोंडाकडे बघत होता, ती आता पुन्हा ओरडते की काय म्हणून.