अकरा मिनिटांची फट

पडद्यावर ती तुटक रेघ उमटताच माणसं खुर्च्यांवरून उठली. कुणी हात जोडले, कुणी नुसताच श्वास रोखला. पूर्वी फर्निचरचं दुकान असलेल्या त्या लांबट खोलीत भर दुपारी पडदे ओढून रात्र तयार केली होती आणि त्या उसन्या रात्रीत एक तांबूस तेजोमेघ उमलला होता. त्याच्या दिशेनं बारीक पांढऱ्या तुकड्यांची एक ओळ निघाली होती.

"ही पावलं," दूरदृष्टी महाराज म्हणाले. "आणि इथे पाहा, इथे पावलं नाहीत. इथे तुमचं माणूस थांबलं. मागे वळून त्यानं तुमच्याकडे पाहिलं."

महाराजांचा चष्मा बाटलीच्या बुडाइतका जाड होता. परलोक तेवढा त्यांना चष्म्याशिवाय दिसे.

समोर चौतीस कुटुंबं होती. त्याच एका रेघेत कुणाला आई दिसत होती, कुणाला नवरा आणि माझ्या ताईला तिची सहा वर्षांची पिटुकली, सात आठवड्यांपूर्वी तापानं गेलेली. एवढ्या अरुंद वाटेवरून चौतीस जण चालले होते आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नव्हता. खरा चमत्कार हाच होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही.

छायाचित्र माझं होतं. मी पासपोर्टचे फोटो काढून पोट भरतो. उरलेल्या वेळात, एखादा लघुग्रह दूरच्या तेजोमेघावरून किंवा दीर्घिकेवरून सरकताना दिसला की तो टिपतो. हा दगड आपल्या अंगणातला, तो प्रकाश हजारो-लाखो वर्षांपूर्वी निघालेला. दोघांची गाठ कधीच पडत नाही, फक्त चौकटीत पडल्यासारखी वाटते. या खोट्या भेटीचं मला वेड आहे. महाराजांनी स्टुडिओच्या काचेतून हे चित्र पाहिलं, तेव्हा मी हुरळून गेलो होतो. रेघेत ही फट कशी, असं त्यांनी विचारलं. मी जरा उठलो होतो, म्हणालो. संगणकावर भरूनही देईन म्हणालो. त्यावर ते म्हणाले, राहू द्या, फट बोलकी आहे.

आता ती माझ्या बहिणीच्या जिवावर उठली होती. व्रत धरल्यापासून अकराव्या दिवशी लेक उजेडात पोचेल, तोवर शरीरात सुई शिरली तर तिची वाट तुटेल, असं महाराजांनी सांगितलं होतं. ताई पंधरा वर्षं इन्सुलिनवर आहे. तीन दिवस तिनं सुई घेतली नव्हती. तिच्या श्वासाला कुजक्या फळाचा वास येऊ लागला होता. भावोजींनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, तर तिनं पाय काढून घेतले. डॉक्टरबाई सकाळी म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत हिला आणा, नंतर माझ्या हातात काही राहणार नाही.

म्हणून मी कागदांची चळत घेऊन पडद्यापुढे उभा राहिलो. चित्र एक नाही, अठ्ठेचाळीस आहेत, हे सांगितलं. प्रत्येक वेळी बटण मी हातानं दाबलं, तीन मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला, एक मिनिट थांबलो, पुन्हा दाबलं. मग तारे तंतोतंत जुळवून सगळी चित्रं एकावर एक रचली. तारे जागच्या जागी राहिले. दगड मात्र प्रत्येक चित्रात थोडा पुढे गेलेला होता, म्हणून त्याचे तुकडे पडले. कॅमेरा बंद होता तिथे रेघ नाही; एकदा तो बराच वेळ बंद राहिला, तीच ही मोठी फट. समुद्रापलीकडच्या एका शिक्षिकेनं त्याच वेळी तोच दगड टिपला होता. तिचं चित्र मी उंच धरलं. तिच्या रेघेत ती फट नव्हती.

"कुणी खरंच थांबलं असतं तर दोन्हीकडे थांबलेलं दिसलं असतं," मी म्हणालो.

महाराज मंद हसले. "बाळा, त्या बाईचं कुणी गेलं नसेल. ज्याचं दुःख, त्यालाच दर्शन."

खोलीभर समाधानाचे सुस्कारे उठले. माझे अठ्ठेचाळीस कागद एका वाक्यात वाहून गेले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मला खाली बसायची खूण केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती.

तेवढ्यात भिंतीला टेकलेली ताई क्षीण आवाजात म्हणाली, "किती वाजता थांबली ती?"

"नऊ चौदाला कॅमेरा बंद झाला. नऊ पंचवीसला पुन्हा सुरू झाला."

"तेव्हा तू कुठे होतास?"

हेच मी महाराजांपासून लपवलं होतं, ताईपासून लपवलं होतं, स्वतःपासूनही. "तुझा फोन काढ," मी म्हणालो. "पिटुकली गेल्यानंतरचा दहावा दिवस बघ. चित्र त्याच रात्रीचं आहे."

फोनच्या यादीत ती मागे मागे सरकत गेली. नऊ पंधरा. मला केलेला फोन. नऊ मिनिटं.

"तू रडत होतीस, ताई. आणि माझं लक्ष आकाशाकडे होतं, दगड निसटत होता. झोप घे, उद्या बोलू, असं म्हणून मी फोन ठेवला. उद्या बोललोच नाही. ती फट पिटुकलीची नाही. माझी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतकं रितं पाहणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. "म्हणजे तिनं वळून पाहिलं नाही."

"नाही."

महाराज काहीतरी बोलत होते. ताई भावोजींच्या आधारानं उठली आणि दाराकडे चालू लागली. आजोबांनी पुढे होऊन दारावरचा पडदा बाजूला केला. दुपारच्या उजेडात तेजोमेघ फिका पडला, मग दिसेनासा झाला.

रुग्णालयात तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण दंड पुढे केला. सकाळशिवाय काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तिच्या खाटेपाशी बसून मी हे लिहितो आहे.

तुम्हाला कुणी असं काही दाखवलं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे कुणी टिपलं, किती वाजता टिपलं, दुसऱ्या कुणाला हेच दिसलं का? आणि दुःखात बुडालेल्या माणसाचा फोन आला, तर तो लवकर ठेवू नका. त्याचं ऐकून घ्यायला पडदे ओढून कुणीतरी बसलेलंच असतं.